दुपारची झोप: झोळी, गोळी आणि पाळणाघर



कापूस वेचणीचे दिवस आले की आमच्या केंद्रावर एक प्रश्न हमखास येतो. विचारणारी कधी दर्यापूरची असते, कधी खारपाणपट्ट्यातल्या एखाद्या लहानशा गावची. लेकरू तीन-चार महिन्यांचं आहे, रात्री बरं झोपतं, पण दिवसा अर्ध्या तासात डोळे उघडतं. त्याला दुपारी लांब झोप लागावी म्हणून काय करावं?

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या मागे रोजी आहे. वेचणीचा हिशेब किलोवर होतो. लेकरू उठलं की हात थांबतो, आणि हात थांबला की संध्याकाळच्या काट्यावर वजन कमी भरतं. म्हणून बाळाची झोप हा आपल्याकडे फक्त बाळाचा प्रश्न नसतो. ते जितका वेळ झोपेल तितकाच वेळ आईला कामासाठी मिळतो.

या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्ही जरा मागे गेलो. आपल्या आज्या-पणज्यांनी हे कसं निभावलं? इतिहास म्हटला की आपल्याला राजे आणि लढाया आठवतात. पण तान्ह्या लेकराला दुपारी कोण झोपवत होतं, कशानं झोपवत होतं, याचाही इतिहास आहे. त्यात काही गोष्टी अभिमानाच्या आहेत आणि काही ऐकून पोटात कालवतं. दोन्ही आज सांगणार आहोत. शेवटी झोपेच्या प्रश्नाचं उत्तरही देऊ.

सुरुवात करू घरापासून. घरात पाळणा, शेतात झोळी. बारशाच्या दिवशी बाळ पाळण्यात पडतं आणि बाया पाळणा म्हणतात. शेतात मात्र लाकडी पाळणा कुठून येणार? जुनं लुगडं घ्यायचं, धुऱ्यावरच्या निंबाला नाहीतर बाभळीला बांधायचं, आणि त्यात लेकरू टाकायचं. दोरीचं एक टोक हाताशी ठेवून जाता-येता झोका द्यायचा. घरी पहाटे जातं फिरायचं तेव्हा लेकरू आईच्या मांडीवर असायचं. जात्याची घरघर एका लयीत चालायची, आई ओवी म्हणायची, अंग हलत राहायचं आणि लेकरू झोपून जायचं. त्या ओव्या पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगावच्या बायांकडून गोळा करून घेतल्या. त्यांची संख्या लाखावर गेली. आई-लेकरांचं जिणं सरकारी दप्तरात फारसं सापडत नाही, ते या ओव्यांत सापडतं.

पण नुसत्या झोळीनं लेकरू झोपत नाही, मैत्रिणींनो. झोळीला कोणीतरी झोका द्यावा लागतो. आई पऱ्हाटीच्या ओळीत पुढे गेली की मागे झोळीजवळ कोण असायचं? कधी थकलेली सासू, कधी आजी. आणि बऱ्याच घरांत सात-आठ वर्षांची मोठी बहीण. आपल्यातल्या किती जणींचं बालपण त्या झोळीच्या दोरीला बांधलेलं होतं, ते आठवून पाहा. लहान भावाच्या झोपेपायी शाळा सुटलेल्या बाया आजही प्रत्येक गावात भेटतात. लेकराला मिळालेल्या चांगल्या झोपेची किंमत पोरीच्या पाटी-पेन्सिलीनं चुकवली गेली. हा हिशेब पुढे लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

आता येऊ कापसाच्या व्यापाराकडे. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभारात गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि त्या गिरण्यांचं लक्ष आपल्या काळ्या मातीकडे वळलं. मुंबईहून निघालेली रेल्वे भुसावळ, अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. पुढे मूर्तिजापूर ते अचलपूर ही लहान रेल्वे दर्यापूरवरून गेली, तिला आपण शकुंतला म्हणतो. गावोगाव सरकी काढणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस उभे राहिले. त्या जिनमध्ये बाया मोठ्या संख्येनं कामाला लागल्या.

शेतातलं काम आणि जिनमधलं काम यात एक मोठा फरक होता. शेतात सूर्य पाहून काम चालायचं, मधेच धुऱ्यावर जाऊन लेकराला पाजता यायचं. जिनमध्ये भोंगा वाजायचा. हवेत कापसाचे तंतू उडायचे, यंत्रं धडधडायची, आणि मुकादमाची नजर असायची. जवळ निंब नाही, बाभूळ नाही. मग तान्ह्या लेकराचं करायचं काय?

इथेच ती दुसरी गोष्ट येते. तिचं नाव बाळगोळी. नाव गोड, पण आत अफू.

लहान लेकरांना अफू देण्याची चाल फार जुनी. इंग्रज सरकारनं १८९३ मध्ये अफूची चौकशी करायला आयोग नेमला. त्याच्यापुढे झालेल्या साक्षींत पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानात तान्ह्या लेकरांना अफू दिली जाते हे नोंदलं गेलं. तेव्हा सरकारी परवान्याच्या दुकानात अफू उघड मिळायची. पण ही चाल किती पसरली होती ते सर्वांत स्पष्ट कळलं मुंबईच्या गिरण्यांमध्ये. तिथल्या सरकारनं कामगार बायांच्या बाळंतपणाची पाहणी करायला एका बाई डॉक्टरला नेमलं, त्यांचं नाव डॉ. बार्न्स. त्यांचा अहवाल १९२२ मध्ये सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये छापला गेला. त्यात त्यांनी लिहिलं, की गिरणीत कामाला जाणाऱ्या बायांच्या १०० लेकरांपैकी ९८ लेकरांना अफू दिली जाते. शंभरात अठ्ठ्याण्णव! त्या गिरण्यांत कोकण-देशावरून आलेली आपली मराठी माणसं मोठ्या संख्येनं होती.

गोळी दिली की लेकरू तासन् तास पडून राहायचं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटायचं, किती गुणी बाळ! पण ती झोप नव्हती, गुंगी होती. अफूनं श्वास मंद होतो, भूक मरते, पोट साफ होत नाही. लेकरू दूध मागत नाही, म्हणून वाढत नाही. सवयीनं मात्रा वाढवावी लागते, आणि एखाद्या दिवशी मात्रा जास्त झाली की लेकरू उठतच नाही.

हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. इंग्लंडमध्ये कापडाच्या गिरण्या वाढल्या तेव्हा तिथल्या कामगार आयाही हेच करत होत्या. तिथे ‘गॉडफ्रेज कॉर्डिअल’ नावाचं औषध मिळायचं, काकवीसारख्या गोड पाकात अफू घातलेलं. अमेरिकेत ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ नावाची बाटली घरोघर होती. तिच्यात अफूपासूनच काढलेलं मॉर्फिन होतं. इंग्लंडमध्ये १८६८ च्या कायद्यानं विषारी औषधांच्या विक्रीवर बंधनं आली. अमेरिकेत १९०६ च्या कायद्यानं बाटलीवर आतल्या वस्तूचं नाव छापणं भाग पडलं. म्हणजे मँचेस्टर असो की मुंबई, आई भोंग्याच्या कामाला गेली आणि लेकराजवळ कोणी उरलं नाही, तिथे तिथे गोळी नाहीतर बाटली आली.

या आया निर्दयी नव्हत्या. त्यांना कोणी पर्याय दिला नव्हता. लेकराला घरी ठेवावं तर पाहायला कोणी नाही, सोबत न्यावं तर यंत्राची भीती, कामावर जाऊ नये तर चूल बंद. तेव्हाही शहाणी माणसं आयांना अडाणी म्हणत होती. काहींनी मात्र विचारलं, की या बाईला लेकराजवळ राहायला वेळ कोण देणार?

ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये दिल्लीच्या कायदेमंडळात कामगार बायांना बाळंतपणाची मदत मिळावी म्हणून विधेयक आणलं. ते मंजूर झालं नाही. मग मुंबईच्या कायदे कौन्सिलात तसंच विधेयक आलं. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या विधेयकाच्या बाजूनं बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि जो मालक तिच्या कामाचा फायदा घेतो त्यानं त्याचा भार उचलला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात हा कायदा झाला. देशातला तो अशा प्रकारचा पहिला कायदा. पाठोपाठ १९३० मध्ये मध्य प्रांताच्या कायदेमंडळानंही असा कायदा केला. आपला वऱ्हाड तेव्हा त्याच प्रांताच्या कारभारात होता.

पण कायद्याच्या डोळ्यासमोर होती बारा महिने गिरणीत जाणारी बाई. जिन हंगामी. कापूस आला की सुरू, उन्हाळा लागला की बंद. आणि शेतातली वेचणारी, निंदण करणारी बाई तर कोणत्याच हजेरीपटावर नव्हती. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची अट आली. सुरुवातीला ५० पेक्षा जास्त बाया असलेल्या कारखान्याला, आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर ३० पेक्षा जास्त बाया असलेल्या कारखान्याला. अफूची दुकानंही गेली. १९४९ मध्ये ठरलं की दहा वर्षांत खाण्याची अफू विकणं बंद करायचं, आणि १९५९ पर्यंत ते झालं. गोळी गेली खरी. पण शेतातल्या लेकराजवळ बसणारं माणूस काही आलं नाही.

ते माणूस कुठून आणायचं, याचं उत्तर ज्या बाईनं शोधलं तिचं अमरावतीशी नातं आहे. त्या ताराबाई मोडक. जन्म १८९२, मुंबईचा. लग्न होऊन त्या अमरावतीला आल्या, त्यांचे पती तिथे वकील होते. पुढे त्या गुजरातेत गेल्या, भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर लहान मुलांच्या शिक्षणाचं काम केलं, आणि १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यात समुद्रकाठच्या बोर्डी गावी बालवाडी सुरू केली. सोबत होत्या अनुताई वाघ. तिथल्या आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येत नव्हती. तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात न्यायची असं ठरलं, आणि तीच अंगणवाडी. तो शब्द ताराबाईंचा आहे.

त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली, जी आपण मघाशी लक्षात ठेवली होती. मोठ्या पोरी शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर लहान भावंडं आहेत. मग १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. तिचं नाव विकासवाडी. पोरीनं कडेवरचं लेकरू घेऊन यावं, ते पाळणाघरात ठेवावं आणि आपल्या वर्गात जाऊन बसावं. लेकरू झोपतं, पोर शिकते, आई कामावर. तिघांचा प्रश्न एकाच छपराखाली सुटला.

शहरात १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामावरच्या बायांच्या लेकरांसाठी पाळणाघर काढलं. इमारत पुरी झाली की मजुरांबरोबर पाळणाघरही पुढच्या इमारतीवर जायचं. मोबाइल क्रेशेस हे त्या संस्थेचं नाव, पुढे ते काम मुंबईतही आलं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, आणि ताराबाईंचा अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमी सुरू झाली होती. देशाच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्यानं तर लिहूनच ठेवलं, की कामावर बायांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असतील, तर त्यांच्यातल्याच एका बाईला लेकरं सांभाळायला नेमावं आणि तिला इतरांसारखीच मजुरी द्यावी. लेकरं सांभाळणं हे काम आहे, त्याला रोजी आहे, हे कायद्यानं मान्य केलं. आपल्यातल्या किती जणींना हे माहीत होतं?

आता येऊ त्या पहिल्या प्रश्नाकडे. लेकरू अर्ध्या तासात का उठतं?

मोठ्या माणसाची झोप साधारण दीड तासाच्या फेऱ्यांमध्ये होते. तान्ह्या लेकराची फेरी लहान, पाऊण तासाच्या आसपास. प्रत्येक फेरीत ते हलक्या झोपेत येतं. पापण्या फडफडतात, ओठ हलतात, मधेच हसतं. आपण म्हणतो सटवाई हसवते. त्या हलक्या झोपेतून पुन्हा गाढ झोपेत जायची युक्ती लेकराला अजून आलेली नसते. म्हणून तीन-चार महिन्यांच्या बाळानं अर्ध्या-पाऊण तासात उठणं हा आजार नाही. बहुतेक लेकरांची दिवसाची झोप पाच-सहा महिन्यांनंतर आपोआप लांबते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलेलं प्रमाण असं: पहिले तीन महिने दिवस-रात्र मिळून १४ ते १७ तास, आणि चार ते अकरा महिन्यांत १२ ते १६ तास. तुमचं लेकरू तुकड्या-तुकड्यानं का होईना एवढं झोपत असेल, अंगावर चांगलं पीत असेल आणि वजन वाढत असेल, तर काळजी सोडा.

तरी झोप लांबवायला काही गोष्टी मदत करतात.

पहिली, वेळ. तीन-चार महिन्यांचं लेकरू साधारण दीड-दोन तास जागं राहिलं की थकतं. डोळे चोळतं, नजर चुकवतं, किरकिर करतं. त्याच वेळी झोपवा. फार थकलं की उलट झोप येत नाही.

दुसरी, पोट आणि जागा. झोपण्याआधी पोटभर पाजा, लंगोट बदला. जागा सावलीची, वाऱ्याची आणि थोडी अंधारी हवी. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पत्र्याखाली बाळाला झोपवू नका, कपड्यात गुंडाळू नका, अंगावर एक पातळ सुती झबलं पुरे. घाम किती आला ते मानेमागे हात लावून पाहा.

तिसरी, आवाज. एकसारखा आवाज बाळाला चालतो, अचानक झालेला चालत नाही. जात्याची घरघर म्हणूनच चालायची.

चौथी, हात. २०२२ मध्ये जपानच्या कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ लेकरांवर एक अभ्यास केला. रडणाऱ्या बाळाला कडेवर घेऊन आई पाच मिनिटं चालत राहिली, तर रडणं शांत होऊन बरीच लेकरं झोपली. पण लगेच खाली ठेवलं की उठत. झोप लागल्यावर आणखी पाच ते आठ मिनिटं मांडीवर घेऊन बसलं आणि मग ठेवलं, तर झोप टिकण्याचा संभव वाढला. आपल्या आज्या हेच करत होत्या ना? गंमत म्हणजे १८९४ मध्ये अमेरिकेतल्या होल्ट नावाच्या मोठ्या डॉक्टरांनी बाळसंगोपनाचं पुस्तक लिहिलं, त्यांनी बाळाला झुलवून झोपवण्याची सवय नको म्हटलं होतं. तिकडचे पाळणे मागे पडत गेले, आपल्या झोळ्या राहिल्या.

पाचवी, धीर. अर्ध्या तासानं बाळ चुळबुळलं की लगेच उचलू नका. छातीवर हात ठेवा, हळू थोपटा, दोन-चार मिनिटं वाट पाहा. कधी कधी ते पुन्हा झोपेत जातं. आणि भुकेनं रडत असेल तर मात्र पाजायलाच हवं.

आज्यांचं सगळंच बरोबर होतं असंही नाही. झोळीत लेकरू फार वाकलं की हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाला अडथळा येतो. चेहरा कायम दिसला पाहिजे, कापड नाकावर यायला नको, झोळी जमिनीपासून फार उंच नको, गाठ रोज तपासा, आणि झोळीजवळ कोणी नसताना लेकराला त्यात ठेवू नका. झोप गाढ लागली की शक्य असेल तेव्हा सपाट जागी उताणं झोपवा. उताणंच, पालथं नाही. आजूबाजूला उशी, गोधडी, मऊ खेळणी नकोत. गुटीत जास्त जायफळ उगाळणं धोक्याचं आहे. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको, आणि वर्षाच्या आत मध तर नकोच.

आता सर्वांत महत्त्वाचं. अफूची गोळी गेली, पण बाटली अजून आहे. सर्दी-खोकल्याचं औषध दिलं की लेकरू पडून राहतं, हे बऱ्याच घरांत माहीत आहे. गरज नसतानाही एक चमचा दिला जातो, म्हणजे दुपार निभते. मैत्रिणींनो, ही तीच बाळगोळी आहे, फक्त रंग आणि चव बदलली. डिसेंबर २०२३ मध्ये देशाच्या औषध नियंत्रकांनी सर्दीच्या एका नेहमीच्या मिश्रणाबद्दल बजावलं, की ते चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सातपुड्यापलीकडच्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या विषारी औषधानं लहान लेकरांची मूत्रपिंडं निकामी झाली, त्यांतली काही उपचारासाठी नागपूरला आणली होती. कित्येक वाचली नाहीत. ती औषधं खोकल्यासाठी दिलेली होती, झोपेसाठी नव्हे. पण तेव्हा केंद्र सरकारनं पुन्हा सांगितलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं द्यायची नाहीत. मग नुसत्या झोपेसाठी ती बाटली उघडायचं कारणच काय? लेकरू औषधानंतर उठवलं तरी उठत नसेल, पीत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत असेल, तर वेळ न घालवता १०८ ला फोन करा.

या सगळ्यातून आम्हाला एक गोष्ट कळली. लेकराला दुपारी चांगली झोप लागते ती त्याच्याजवळ सावली आणि एक माणूस असतं तेव्हा. ते माणूस नव्हतं तिथे अफू आली. ते माणूस आठ वर्षांची पोर होती तिथे तिची शाळा गेली. म्हणून झोपेचा उपाय एकट्या आईकडे मागण्यात अर्थ नाही. तो गटाकडे मागायला हवा.

आपल्या गटात दहा-बारा बाया असतात. वेचणीच्या हंगामात त्यांतल्या तीन-चार जणींची लेकरं अंगावर पिणारी निघतील. एकीनं आळीपाळीनं लेकरांजवळ थांबायचं, आणि बाकीच्यांनी आपल्या वेच्यातून तिची रोजी भरून द्यायची. उपकार म्हणून नाही, मजुरी म्हणून. बाकीच्या पाजायला मधे मधे येतील. अंगणवाडीताईंना विचारा. सरकारच्या पाळणा योजनेत सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पाळणाघराची सोय आहे, काही अंगणवाड्यांनाच पाळणाघर जोडायचं ठरलं आहे. आपल्या गावासाठी ती मागायचा विषय ग्रामसभेत ठेवा. सरकारी कामावर असाल तर लेकरं सांभाळायला कोण नेमलं आहे, हे पहिल्याच दिवशी विचारा. आणि घरातल्या पुरुषांनाही सांगा, की झोळीची दोरी ओढायला बाईचाच हात लागतो असं कुठे लिहिलेलं नाही.

लोक काय म्हणतील, असं मनात येईल. तेव्हा गाडगेबाबा आठवा. जन्म शेंडगावचा, आपल्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातला, साल १८७६. लेकीच्या बारशाला दारू आणि मटण द्यायची त्यांच्या जातभाईंत चाल होती. त्यांनी गोड जेवण वाढलं. लोक रागावले, पण त्यांनी चाल मोडली ती मोडलीच. बाळाच्या पाळण्याभोवतीची एक चाल एका घरानं बदलली होती. आपण तर दहा-बारा जणी आहोत.

येत्या बैठकीत हा विषय घ्या. कोणाचं लेकरू किती महिन्यांचं आहे, ते झोपल्यावर जवळ कोण असतं, आणि त्या माणसाला काय मिळतं, एवढे तीन प्रश्न विचारा. काय ठरलं ते आम्हाला कळवा. वेचणी संपायच्या आत आपण पुन्हा बोलू.